चिमटीतला मणी

ताईच्या खोलीतला एसी दुपारची जेवणं आटोपल्यावर बंद पडला. ठिणगी उडाली नाही की जळका वास आला नाही. नुसता वारा थांबला, पुढची झडप उघडी राहिली आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"आजोबांनी डोळे मिटले," पलंगावरून ताई म्हणाली. जुन्या एसीला ती आजोबा म्हणते.

"डुलकी असेल."

"तुझ्या तोंडात साखर. पण डुलकी लागली की हे आजोबा घोरतात. आत्ता श्वास नाही."

ताई माझ्यापेक्षा मोठी. तिला नसांचा आजार आहे. वायरीवरचं प्लॅस्टिक जागोजागी उडावं तसं तिच्या नसांवरचं आवरण झिजलंय. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं, तरी त्या झिजलेल्या जागांतून निरोप पुढे जात नाही. आधी डोळ्यांपुढे धुकं येतं, मग डावी बाजू लुळी पडते, मग जीभ जड होते. अंग गार केलं की सगळं परत येतं. आजवर आलं होतं. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दर वेळी येईलच असं धरून चालू नका. गिळणं आणि श्वास घेणंही शेवटी नसांच्याच हातात आहे. ताईला हे मी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं. ती स्वतःला लोणी म्हणायची. "उन्हात ठेवू नका, एवढंच माझं पथ्य."

नवा एसी आम्ही सांगून ठेवला होता. पण त्या वर्षी उन्हाळा सगळ्यांच्याच अंगावर धावून आला होता. दुकानांत माल नव्हता, आणि 'निघालाय, वाटेत आहे' यापलीकडे दुकानदार काही बोलत नव्हता. ताईला दुसरीकडे न्यायचं, तर तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचं आणि मग भर उन्हातून न्यायचं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा हाच एसी दुरुस्त व्हायला हवा होता.

मेकॅनिक संध्याकाळी आला. यंत्राला हात लावायच्या आधी तो तांब्याची नळी तीन बोटांत धरून, मान तिरकी करून थांबतो, म्हणून ताईने त्याचं नाव वैद्यबुवा ठेवलंय. त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

"कॉम्प्रेसर म्हातारा आहे, पण दमाचा आहे," तो स्टुलावरून म्हणाला. "मेलाय तो सेन्सर. आणि रिमोटचं ऐकणारा हा डोळाही फुटलाय."

"नवीन मिळेल?"

"मॅडम, कंपनीने हे मॉडेल बंद केलं तेव्हा माझे सगळे केस काळे होते."

तरी तो भंगारवाल्यांकडे फिरून आला. हात हलवत परतला. डोळ्याची गरज नव्हती. यंत्राच्या कडेला एक छोटं बटण असतं, ते दाबलं की रिमोटशिवाय एसी चालतो आणि खोली चोवीस अंशांवर ठेवतो. चोवीसला थांबतो, तापलं की पुन्हा उठतो. चोवीस आम्हाला चाललं असतं. पण खोली किती तापली आहे हे त्याला सांगणार कोण? ते काम सेन्सरचं.

हा सेन्सर म्हणजे मोहरीहून थोडा मोठा मणी आणि त्याच्या दोन बारीक तारा. गरम झाला की त्याचा विद्युतरोध घटतो, इतकं साधं. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे असे मणी डबाभर आहेत. कारखान्यांतून आणि दवाखान्यांतून आलेली तापमापकं आम्ही बर्फाच्या पाण्यात बुडवतो, उकळत्या पाण्यात बुडवतो, आणि ती खरं बोलत असतील तर तसा शिक्का देतो. रात्र ओल्या फडक्यांवर निभावली आणि सकाळीच मी एक मणी घरी आणला. तो कंपनीच्या मण्याहून वेगळा होता, पण सोबत दोन रेझिस्टर जोडले तर यंत्राला फरक कळणार नव्हता.

जोडणी झाल्यावर वैद्यबुवाने मणी चिमटीत धरला. मी तारेवर एक छोटा मीटर बसवला होता, त्यावर आकडा चढू लागला. तीस, बत्तीस, चौतीस. सोडला तसा काही सेकंदांत उतरला.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

आम्हीही असंच करतो. बोटांची ऊब लागून आकडा हलला की मणी चांगला. या परीक्षेचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकतो.

सेन्सर खरा बसतो यंत्राच्या जाळीमागे, छताजवळ. मी तसा बसवला नाही. जिथे माणूस आहे तिथलं माप घ्यावं, हे आमच्या कामात हाडामासात मुरलेलं. मी तार वाढवली आणि मणी पलंगाच्या उशागती, ताईच्या हाताला लागणार नाही असा, हवेत मोकळा सोडला. शेजारच्या भिंतीवर प्रयोगशाळेतलं काचेचं थर्मामीटर टांगलं.

"एसीला इतकी लांब शेपूट आजच बघतोय," वैद्यबुवा म्हणाला.

"आजोबांना शेपूट लावून तिने त्यांचं माकड केलंय," ताई म्हणाली. "आता नाचवा."

बटण दाबलं. कॉम्प्रेसरचं आउटडोअर मागच्या बाल्कनीत होतं. तिथून घरघर ऐकू आली आणि झडपेतून गार वारा सुटला. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ताईने बशी डाव्या हाताने धरली.

पुढे काही दिवस सगळं सुरळीत होतं. यंत्र थांबत होतं, उठत होतं. मणी आणि थर्मामीटर एकच आकडा सांगत होते. खोली गार झाली की आधी मणी उतरे, काच मागून येई, कारण काचेच्या थर्मामीटरला वेळ लागतो आणि मण्याच्या अंगात काही नसतंच, तो हवेबरोबर हलतो.

मग एका दुपारी कामावरून लवकर परतले, तेव्हा खोली जास्तच गार वाटली. ताई पांघरूण घेऊन वाचत होती. भिंतीवरचं थर्मामीटर बावीस दाखवत होतं. मीटरवर बत्तीस होते.

"थांबतच नाहीये का हा?"

"सकाळपासून चालूच आहे. तुझ्या मण्याला ताप आलाय."

जोड सैल झाला असेल, म्हणून मी तारा खेचून पाहिल्या. घट्ट होत्या. मणी बदलला. नवा मणी आधी बावीसला होता. मी हात काढून दोन पावलं मागे सरले तसा आकडा चढायला लागला. सुरुवातीला झरझर, मग सावकाश, मग बत्तीसवर स्थिर. बिघडलेला सेन्सर असा चढत नाही. तो उड्या मारतो किंवा एका टोकाला जाऊन बसतो. असा चढ मी रोज पाहते. तो बोटांचा असतो.

ताईचा हात पांघरुणाखाली होता.

मी मणी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नेला. तिथेही तेच झालं. दिव्याची ऊब नव्हती, भिंत तापलेली नव्हती, ऊन त्या बाजूला येतच नाही. माझा तळहात मण्याभोवती फिरवला. गार हवा लागली, बाकी काही नाही. मी हात जवळ नेला की आकडा किंचित घसरे, आणि बाजूला केला की पुन्हा बत्तीसवर येई. कुणीतरी मला जागा करून द्यावी आणि मग पुन्हा पुढे व्हावं तसा.

मी वैद्यबुवाला फोन केला. बत्तीसचं कारण विचारलं नाही. यंत्र थांबत नाही, एवढंच सांगितलं.

"मग तो मणी वर जाळीत बसवा बघू, जिथला तिथे," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे, मॅडम, मध्ये मध्ये बसू द्या त्याला. असा धावत राहिला तर फुटेल."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच मी स्टूल ओढलं होतं. मणी छताजवळ, जाळीमागे, कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी गेला. आकडा खोलीइतकाच झाला. यंत्र चोवीसला थांबलं, तापल्यावर उठलं. मी मोकळा श्वास घेतला.

"तिथे काय म्हणून टांगलास?" ताईने विचारलं.

"तिथेच असतो तो."

ती जाळीकडे जरा वेळ पाहत राहिली.

उन्हाने कळस गाठला त्या दिवशी मी घरीच होते. बाल्कनीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. रस्त्यावर माणूस नव्हता. दुपारी यंत्र नेहमीसारखं चोवीसला थांबलं. मी स्वयंपाकघरात ताईची औषधं काढत होते. पुन्हा घरघर ऐकू यायला हवी होती, ती आली नाही. खोलीत गेले तर झडपेतून कोमट वारा येत होता. आउटडोअर गुणगुणत होतं, कण्हत होतं, आणि खटकन गप्प होत होतं. पुन्हा गुणगुणत होतं, पुन्हा गप्प.

थर्मामीटर एकोणतीस. मग तीस.

"ताई, कसं वाटतंय?"

"धुकं," ती म्हणाली. मग हसण्याचा प्रयत्न करत, "तू... दोन दिसतेस. एकच... पुरे होती."

वैद्यबुवाने फोन लगेच उचलला. "बसला? बसवलात कशाला त्याला? या उन्हात म्हातारा एकदा बसला की उठत नाही!"

"बसू द्या, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरा. चुकलं. मॅडम, मी निघतो, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ओल्या चादरी टाका आउटडोअरच्या पाठीवर. पाणी ओतत राहा. गार पडला की उठेल. आणि एकदा उठला की अजिबात थांबू देऊ नका. थांबला तर संपला."

मी ताईच्या कपाळावर, मानेवर, काखेत ओली फडकी ठेवली. बादल्या भरून बाल्कनीत नेल्या. यंत्रावर टाकलेल्या चादरीतून वाफ निघाली. आत आले, फडकी बदलली. ताईचा डावा हात मी उचलला आणि तो माझ्या हातातून तसाच खाली पडला. पुन्हा बाल्कनी. पुन्हा आत. तिने काहीतरी म्हटलं, पण त्यात शब्द नव्हते, नुसते स्वर होते.

तेहतीस.

मग बाल्कनीत एक धक्का बसला आणि घरघर सुरू झाली.

गार वारा. मी तिथेच जमिनीवर बसले असते, पण आता ते थांबू द्यायचं नव्हतं. खोली चोवीसला आली की यंत्र थांबणार होतं. रिमोट ऐकणारा डोळा नव्हता. मण्याच्या जागी एखादा ठरावीक रेझिस्टर जोडला असता तर काम झालं असतं, पण तो प्रयोगशाळेत होता आणि मी ताईला सोडून जाऊ शकत नव्हते. त्या क्षणी एकच उपाय सुचला. मी जाळीमागून मणी काढला, तार खाली घेतली, पलंगाच्या कडेला बसले आणि मणी चिमटीत धरला.

पस्तीस. यंत्राला वाटलं, खोली पस्तीस अंशांवर आहे. ते धावत राहिलं.

थर्मामीटर उतरत गेलं. तीस. सत्तावीस. चोवीस. आता मणी सोडला की यंत्र थांबणार होतं, म्हणून मी तो सोडत नव्हते, आणि म्हणून काहीच करू शकत नव्हते. ताईची फडकी सुकली होती. पाणी तिच्या ओठांपर्यंत न्यायचं होतं. तिचा श्वास वरवरचा चालला होता; दोन श्वासांमध्ये मी मोजत होते. एका हाताने तिचं डोकं उचलता येत नव्हतं.

"ताई, जरा दम धर."

तिने डोळे उघडले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या शेजारी पाहत होती.

"दमलीस तू," ती म्हणाली. इतक्या वेळानंतर आलेले तिचे पहिले सरळ शब्द. "दे त्यांच्याकडे."

"कुणाकडे?"

तिचा श्वास अडकला, घशात घरघरला.

मी मणी सोडला.

दोन्ही हातांनी तिला उचलून कुशीवर वळवलं. तोंडातली लाळ पुसली. पाठीवर ओला टॉवेल ठेवला. श्वास मोकळा झाला. मग पाणी, चमच्याने, थेंब थेंब. तिने गिळलं. पुन्हा गिळलं.

बाल्कनीत घरघर चालूच होती.

मी मीटरकडे पाहिलं.

आकडा पडला नव्हता. पस्तीसवरून तो बत्तीसवर आला होता, आणि तिथे थांबला होता.

मणी हवेत लोंबत होता. त्याला काहीही लागलेलं नव्हतं. माझ्या बोटांहून गार अशा कुणाच्या तरी बोटांनी तो धरला असावा, तेवढा आकडा.

मी ओरडले नाही, उठून पळालेही नाही. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. मी ताईचे पाय पुसले. तिसऱ्यांदा पाणी पाजताना तिने चमचा दातांत धरून ठेवला, लहानपणी मला चिडवायला धरायची तसा.

वैद्यबुवा पोचला तेव्हा ऊन कललं होतं आणि ताई उशीला टेकून बसली होती.

"काय वैद्यबुवा," ती म्हणाली. जीभ अजून जड होती, पण शब्द ओळखू येत होते. "पेशंट बरा झाल्यावर यायची तुमची पद्धत चांगली आहे."

"तुमच्या बहिणीने माझ्या पोटावर पाय दिला, ताई." त्याने नळी तीन बोटांत धरली, मान तिरकी केली, समाधानाने हुंकारला. मग खाली उतरून पलंगाशी आला. थर्मामीटर पाहिलं, चोवीस. मीटर पाहिला, बत्तीस. मण्याकडे चिमूट नेली आणि अर्ध्यातच थांबवली. हात सावकाश मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

"राहू द्या," तो म्हणाला. "चालत्या यंत्राला हात लावू नये."

पुढे त्याने चहा घेतला, पण तो दारात उभा राहून.

दुसऱ्या दिवशी शेजारीण ताईजवळ बसली तेवढ्यात मी प्रयोगशाळेतून रेझिस्टर आणला. तो पाकिटातच राहिला. तो जोडायला मला जमत होतं, वेळही होता. रोज खोलीत जायचे, मीटर पाहायचे, आणि पाकीट पुन्हा कप्प्यात ठेवायचे. कारण मला नीट सांगता येणार नाही. कुणी आपलं ओझं धरून उभं असेल, तर त्याच्या हातातून ते काढून खिळ्याला अडकवावं, असं वाटत नाही.

पण आकडा उतरत होता. उन्हाचा जोर तसाच होता, आणि मणी एकतीसवर आला. मग एकोणतीस. हे कसलं उतरणं आहे हे मी ओळखलं होतं. ऊब आतून पुरवणारं काही उरलं नाही, की कुठलीही वस्तू अशीच निवत जाते. रोज खोलीच्या थोडी जवळ. चोवीसला पोचली की यंत्र थांबणार होतं, आणि थांबलं की उठणार नव्हतं. त्याच्या आत मात्र रेझिस्टर जोडायचा, असं मी ठरवून टाकलं.

"दमलात का?" एकदा चादर बदलताना माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण, मी?" ताई म्हणाली. "आणि मला अहोजाहो कधीपासून?"

त्या दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं. मी दोनदा विचारलं. "मी काय बोलले?" तिने उलट विचारलं. "शिव्या दिल्या का? दिल्या असतील तर मनापासून दिल्या असतील."

मणी पंचविसावर होता, त्या दिवशी वारा फिरला. सकाळी खिडकीची काच हाताला कोमट लागली, चटका बसला नाही. दुपारी रस्त्यावर माणसं दिसायला लागली, आणि दुकानदाराचा फोन आला: नवा एसी आलाय, उद्या सकाळी माणसं बसवून जातील. मी फोन ठेवला आणि काही वेळ तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. खांद्यांत इतके दिवस काय आवळून धरलं होतं, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बाल्कनीतली घरघर आपणहून थांबली. खोलीत गेले. थर्मामीटर चोवीस. मीटर चोवीस. दोन्ही आकडे एक झाले होते.

"गेले वाटतं आजोबा," ताई म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. डाव्या हाताने तिने पुस्तकाचं पान उलटलं.

"आता गेले तरी चालतील," मी म्हणाले. "बिचारे, फार राबले."

मी यंत्राचं मुख्य बटण बंद केलं. मण्याची तार यंत्रापासून सोडवली. मीटर स्वतःच्या बॅटरीवर चालतो, तो तेवढा राहिला. खिडक्या उघडल्या. बाहेरची हवा उबदार होती, पण सोसण्यासारखी. कितीतरी दिवसांनी खोलीत रस्त्यावरचे आवाज आले. ताईला आता ही हवा बाधणार नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि आम्ही दोघी उगाचच हसलो, कशाला ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग तार गुंडाळायला मी हात पुढे केला.

थर्मामीटर सव्वीसवर गेलं होतं. मणी चोवीसवर होता.

मी हात मागे घेतला आणि पाहत बसले. थर्मामीटर सत्तावीस झालं. मणी चोवीस. ताई शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. अठ्ठावीस. मणी साडेचोवीस. तो चढत होता, पण सावकाश, फार सावकाश.

मोहरीएवढ्या मण्याला खोलीबरोबर तापायला काही सेकंद पुरतात. एवढा उशीर लागायचा, तर त्याच्याभोवती काहीतरी जड, गार पडलेलं असावं लागतं.

साधारण हाताएवढं.